गोळी नाही, पण माणसे आहेत

'डॉक्टर, हा बोलत नाही. बोलायला लागेल अशी काही गोळी असेल तर द्या.'

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका आईने आपल्या चार वर्षांच्या मुलाला माझ्यासमोर बसवून असे म्हटले. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा तो सारखा दाबून सोडत होता. नाव घेऊन हाक मारली तरी मान वळवत नव्हता. मी कान पाहिले, जीभ पाहिली, एक टॉनिक लिहून दिले आणि म्हणालो, 'अहो ताई, मुलगे उशिराच बोलतात. काळजी करू नका.'

ते माझे चुकले. माझ्या त्या एका वाक्याने त्या घराची दोन वर्षे वाया गेली. पुढे मोठ्या शहरातील बालरोगतज्ज्ञांनी निदान केले, स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. कागद दाखवायला ती माउली पुन्हा माझ्याकडे आली. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. पण तिने फक्त एवढेच विचारले, 'डॉक्टर, आम्ही आहोत तोवर ठीक आहे. पण याला कधी कुणी आपलं माणूस मिळेल का?'

वैद्यकीय पुस्तकात याचे उत्तर मला सापडले नव्हते. ते हळूहळू सापडत गेले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. (त्या मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी आईची परवानगी घेतली आहे.)

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा संसर्ग नाही, वेड नाही, कुणाचा शाप तर मुळीच नाही. जन्मापासूनच मेंदूची जडणघडण थोडी वेगळ्या तऱ्हेची असते. त्यामुळे बोलणे, नजरेला नजर देणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातले ओळखणे या गोष्टी अवघड जातात. एखाद्या विषयाचा विलक्षण नाद असतो. रोजचा क्रम बदलला की जीव घाबरा होतो. कुकरची शिट्टी, फटाके, अंगाला टोचणारा कपडा हे आपल्याला किरकोळ वाटणारे त्रास त्यांना सहन होत नाहीत. काही जण आयुष्यभर बोलत नाहीत, तर काही जण उत्तम बोलतात, पदव्या घेतात, नोकरी करतात. काहींना जोडीला फिट्स किंवा मतिमंदत्व असते, काहींना नसते. म्हणून एका मुलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न व्यक्ती होती. हे प्रमाण धरले तर २५ हजार वस्तीच्या गावात अशी सुमारे दोनशे माणसे असायला हवीत. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण बरीचशी घरात असतात आणि काहींना आपण 'विक्षिप्त', 'घुम्या' किंवा 'अर्धवट' अशी नावे ठेवून मोकळे झालेले असतो.

या मूळ जडणघडणीवर गोळी नाही. फिट्स, झोप न येणे, अति चिडचिड यांवर औषधे आहेत आणि गरज असेल तेव्हा ती जरूर घ्यावीत. परंतु 'महिन्याभरात बोलायला लावतो' असे सांगून पैसे घेणारे, तसेच स्टेम सेलची महागडी इंजेक्शने देणारे, यांच्यापासून सावध राहावे. या उपायांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

पहिला रुग्ण

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाले, ते डॉ. लिओ कॅनर हे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालमानसोपचारतज्ज्ञ होते. १९४३ साली त्यांनी ११ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातील पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिप्लेट. त्याची सबंध जीवनकथा पुढे प्रसिद्ध झाली असून आपल्यासारख्या लहान गावात राहणाऱ्यांनी ती मुद्दाम वाचावी अशी आहे.

डोनाल्डचा जन्म १९३३ सालचा. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट हे त्याचे गाव, काही हजार वस्तीचे. वडील वकील आणि आईच्या माहेरची गावातल्या बँकेत मालकी. घर खाऊनपिऊन सुखी. पण मुलगा आईकडे पाहून हसत नसे, कुणी आले-गेले तरी त्याला फरक पडत नसे. तासन् तास वस्तू गरागरा फिरवत बसे, ऐकलेले शब्द तसेच्या तसे म्हणत राही आणि त्यात कुणी व्यत्यय आणला की आकांत करी. आकडे आणि गाणी मात्र त्याला चटकन पाठ होत.

डॉक्टरांनी सल्ला दिला की याला घरापासून दूर ठेवा. त्याप्रमाणे १९३७ साली, चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याला एका संस्थेत ठेवले. क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी ती संस्था होती. आईवडिलांना महिन्यातून दोनदाच भेटता येई. तिथे हे मूल कोमेजत गेले. एका जागी निश्चल बसून राहू लागले. वर्षभराने आईवडील त्याला न्यायला आले, तेव्हा संस्थेचे संचालक 'आता तो बरा रमला आहे, नेऊ नका' असेच सांगत होते. पण त्यांनी ऐकले नाही. मुलाला घरी आणले. वडिलांनी त्याच्याविषयी ३३ पानांचे पत्र टाइप करून कॅनर यांना पाठवले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये डोनाल्डला त्यांच्याकडे नेले.

शेतावरचे दिवस

पुढे १९४२ च्या सुमारास डोनाल्डला गावापासून दहा मैलांवर शेती करणाऱ्या लुईस या जोडप्याकडे राहायला ठेवले. हे दोघे काही डॉक्टर किंवा शिक्षक नव्हते. कॅनर १९४५ साली मुलाला पाहायला शेतावर गेले आणि त्यांनी जे पाहिले त्याने ते थक्क झाले.

डोनाल्डला मोजमापांचा नाद होता. लुईस पतिपत्नीने त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगण्याचे काम दिले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर त्यांनी सांगितले, 'मोज, पण नांगर धरून मोज.' कॅनर यांच्यासमोर त्याने घोडा आणि नांगर व्यवस्थित हाकून सहा लांब ओळी नांगरून दाखवल्या. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याचाही त्याला छंद होता. त्यांनी त्याला त्यांच्यासाठी एक जागा नेमून दिली. तिथे तो प्रत्येकाच्या नावाची पाटी लावी आणि त्यावर आडनाव लिही लुईस! गोगलगायीचेही आडनाव लुईस. ज्या मुलाला माणसांची ओढच नाही असे सर्वांना वाटत होते, त्याने मेलेल्या गोगलगायीलासुद्धा आपल्या पालकांच्या घरात सामावून घेतले होते.

जवळच्याच खेड्यातील शाळेत तो जाऊ लागला. तिथे त्याचे विक्षिप्त वागणे चालवून घेतले गेले आणि अभ्यासातही त्याची चांगली प्रगती झाली.

त्या दोघांनी नेमके काय केले? मुलाचा नाद मोडला नाही. त्या नादालाच माणसांच्या कामाशी जोडून दिले. मोजण्याचा छंद घरच्या उपयोगी पडला म्हणून मुलगा घरचा झाला.

विटांची गोष्ट

पुढे डोनाल्ड आपल्या गावच्या हायस्कुलात गेला. त्याच्याविषयी एक गोष्ट गावभर सांगितली जाई. कुणीतरी त्याला विचारले, शाळेच्या भिंतीत विटा किती? त्याने एक नजर टाकली आणि आकडा सांगितला. झाले, गावाने त्याला हुशार ठरवून टाकले. म्हातारपणी पत्रकारांनी विचारले तेव्हा त्याने कबूल केले की तो आकडा आपण मनानेच ठोकून दिला होता. का? तर लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून!

वाचकहो, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'स्वमग्न' या शब्दामुळे आपला समज होतो की हे लोक स्वतःतच मग्न आहेत, त्यांना आपली गरज नाही. प्रत्यक्षात या मुलालाही हवे होते की चारचौघांनी आपल्याला आपले म्हणावे. कसे जवळ यावे हे त्याला उमगत नव्हते, एवढेच.

डोनाल्डने १९५८ साली महाविद्यालयातून फ्रेंच विषय घेऊन पदवी मिळवली. गावातल्या बँकेत तो अनेक वर्षे कामाला जात होता. वयाच्या २७ व्या वर्षी मोटार चालवायला शिकला. गोल्फ खेळू लागला आणि एकट्याने देशोदेशी हिंडून आला. ओळखीच्या माणसांना तो क्रमांक देई आणि वर्षानुवर्षांनी भेटला तरी त्याच क्रमांकाने हाक मारी. लोकांना त्याचे कौतुक वाटे. बाहेरचे पत्रकार गावात आले तेव्हा गावातल्या माणसांनी त्यांना बजावले की याला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी तो आपल्याच गावात वारला.

कुणी म्हणेल, बँक घरची होती म्हणून जमले. खरे आहे. घरच्या पैशाचा आणि वजनाचा त्याला आधार होताच आणि तो प्रत्येकाला नसतो. पण नुसता पैसा असता तर तो बंद बंगल्यात नोकरासह राहिला असता. सकाळी सोबत कॉफी घेणारे मित्र पैशाने मिळत नाहीत. कॅनर यांनी १९७१ साली त्या ११ मुलांचे पुढे काय झाले याचा आढावा घेतला. ज्यांना सरकारी संस्थांत टाकले होते, त्यांची लहानपणची चमक पार विझून गेली होती. दुखणे एकच, पण कुणाच्या सहवासात दिवस गेले त्यावर फरक पडला.

टाळी दोन हातांनी

आता अलीकडच्या संशोधनाकडे वळू. स्वमग्न माणसाला समोरच्याचे मन कळत नाही, असे डॉक्टर वर्षानुवर्षे शिकत आले. २०१२ साली इंग्लंडमधील संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी उलटा प्रश्न विचारला. आम्हाला तुमचे मन कळत नाही म्हणता, पण तुम्हाला तरी आमचे कुठे कळते? अडचण दोन्ही बाजूंची आहे.

एडिनबरो विद्यापीठाने याची परीक्षा घेतली. लहानपणी आपण एकाने दुसऱ्याच्या कानात, दुसऱ्याने तिसऱ्याच्या कानात निरोप सांगायचा खेळ खेळत होतो, त्याच धर्तीचा हा प्रयोग. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सगळे स्वमग्न असलेल्या गटाने गोष्ट तितकीच नीट पोचवली, जितकी इतरांच्या गटाने. मिश्र गटात मात्र जास्त गळती झाली. २०२५ साली तीनशेहून अधिक लोकांवर हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र गटही मागे पडले नाहीत. म्हणजे 'यांना सांगताच येत नाही' हा समज दोन्ही वेळा खोटा ठरला.

अमेरिकेत स्वमग्न व्यक्तींनीच १९९६ साली स्वतःसाठी एक निवासी शिबिर सुरू केले. त्यातली एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला असे. लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, पण सुरुवात कशी करावी ते जमत नाही, तुम्हीच करा. या हिरव्या बिल्ल्यावर विचार करा. आपल्या गल्लीतली किती मुले असा न दिसणारा हिरवा बिल्ला लावून ओट्यावर बसलेली असतील?

आईला दोष नको

एकेकाळी पाश्चात्त्य देशांतही आईला दोष देत. आई थंड स्वभावाची, मायाच करत नाही, म्हणून मूल असे झाले, असे नामांकित तज्ज्ञ सांगत. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, पुस्तक लिहून हे खोडून काढले. आपल्याकडे अजूनही सासूबाई म्हणतात, 'हिने ग्रहण पाळलं नाही.' शेजारीण म्हणते, 'हिने मोबाइल हातात दिला.' यांपैकी कशानेही स्वमग्नता होत नाही. लसीनेही होत नाही. तसा दावा करणारा १९९८ चा लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. अशा बोलण्याने आई मात्र मुलाला घेऊन घराबाहेर पडणे बंद करते आणि मुलाला माणसे मिळण्याची उरलीसुरली वाटही बंद होते.

आपण काय करावे?

पालकांसाठी : मूल वर्षाचे झाले तरी हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले बोलणे गेले असेल तर थांबू नका. माझ्यासारखा कुणी 'बोलेल हळूहळू' म्हणाला तरी थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, तेथे चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजनाही आहे.

दुसरे, लपवू नका. शेजारी, दुकानदार, देवळातले पुजारी यांना दोन वाक्यांत सांगून ठेवा, 'याला मोठा आवाज सोसत नाही. हाका मारू नका, हात दाखवा.' लोक दुष्ट नसतात. बहुतेकांना कसे वागावे हेच ठाऊक नसते. आणि अशाच दुसऱ्या पालकांना भेटत जा. मुलांना जशी सोबत लागते, तशी तुम्हालाही लागते.

शिक्षकांसाठी : वर्गातील शांत, समंजस असा एक सोबती जवळ बसवा. मधल्या सुट्टीचा गोंगाट सोसत नसेल तर वाचनालयात बसू द्या. त्याचा जो नाद असेल, नकाशे, रेल्वे, आकडे, त्यातलेच एखादे काम वर्गासाठी करायला द्या.

आपल्या सर्वांसाठी : नजरेला नजर देण्याची सक्ती करू नका. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थोडे थांबा. गालगुच्चे घेऊ नका. वाढदिवसाला बोलवाच, पण फुगे न फोडता. मंडळांनी मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ अशा घरांना आधी कळवली तरी मोठे काम होईल. कामावर ठेवता येण्याजोगा तरुण असेल तर काम एका वेळी एक आणि स्पष्ट शब्दांत सांगा. 'जरा आवर' म्हणू नका. 'हे दहा डबे त्या फळीवर ठेव' असे म्हणा.

त्या मुलाचे काय झाले?

तो आता विशीत आहे. थोडे बोलतो. त्याला नाद एसटीच्या वेळापत्रकाचा. आधी वडील त्याला बसस्थानकावर न्यायला लाजत. आईने हट्टाने नेले. संध्याकाळचा गोंगाट सोसेना म्हणून दुपारी दोनला, गर्दी कमी असते तेव्हा नेऊ लागली. तिथला चहावाला त्याला गमतीने गाडीची वेळ विचारी. उत्तर दर वेळी बरोबर येई. मग प्रवासीही विचारू लागले. हळूहळू तो टपरीवर ग्लास विसळू लागला, आता रोज दोन ते चार तिथे असतो. दिवसाला थोडे पैसेही मिळतात. माणसांना तो वेळेने ओळखतो. मला 'सकाळी नऊ' म्हणतो, कारण माझा दवाखाना तेव्हा उघडतो. एकदा मी साडेनऊला आलो तर तो पायरीवर रागावून उभा होता.

तो 'बरा' झालेला नाही. आजही गाडी रद्द झाली की कानावर हात दाबून खाली बसतो. त्याच्या आईची काळजी संपलेली नाही आणि 'आमच्यामागे कोण' या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

पण गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला. दोन दिवस तो घरीच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी चहावाल्याने दुकानातला पोरगा माझ्याकडे धाडला. पोरगा दारातूनच म्हणाला, 'डॉक्टर, मालकांनी विचारलंय, आपला वेळापत्रकवाला दोन दिवस दिसला नाही, बरा आहे ना?'

संध्याकाळी आई औषध न्यायला आली तेव्हा तिला मी एवढेच सांगितले की टपरीवरून विचारणा झाली होती. ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले आणि गोळ्या कधी द्यायच्या ते पुन्हा एकदा विचारून घेतले.